टॅपली वर बघत नाहीत

आमच्या मकलफर्डमध्ये एक घराणं असं आहे की त्यातल्या कुणी साडेतीनशे वर्षांत वर बघितलेलं नाही. म्हणजे तसे बघतात. पाऊस येईल का ते बघतात, कौल निसटलं का ते बघतात. पण एकोणतीस मेच्या सकाळी, गावच्या ओकच्या झाडाखाली, टॅपली वर बघत नाहीत. तसा नियम आहे, आणि आमच्याकडची माणसं एक वेळ पाय मोडून घेतील, पण नियम मोडणार नाहीत.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. स्ट्युअर्ट घराण्यातल्या पहिल्या चार्ल्सचं डोकं पार्लमेंटवाल्यांनी उडवलं. पोरगा दुसरा चार्ल्स, लढाई हरला आणि पळत सुटला, आणि शिपाई रान धुंडाळत असताना दिवसभर ओकवर चढून बसला. हे इंग्लंडातलं शेंबडं पोरही सांगेल. झाड कुठलं, यावर मात्र भांडण आहे. वीसेक मैलांवर एक गाव आहे, तिथल्या झाडाला कुंपण आहे, तिकीट आहे, आणि शेजारी महागडा चहा मिळतो. आमचं म्हणणं असं, की राजा आदल्या दिवशी दुपारी आमच्या झाडावर होता. पुरावा काय, असं विचारणाऱ्याला मी बिअर देत नाही. पब माझा आहे. नाव अर्थातच 'रॉयल ओक'. या नावाचे पब देशात पोत्याने सापडतील. राजा बिचारा झाडावर चढला थोड्या वेळासाठी, पण त्याच्या जिवावर आम्ही किती पिढ्या जेवतोय बघा.

तर आमच्या गावची कथा अशी, की पार्जिटर घराण्यातल्या एका बाईने राजाला पाव-चीज दिलं आणि झाडावर चढवलं. मागून पार्लमेंटचा शिपाई आला, तो टॅपली. त्याने खंदक बघितला, खुराडं बघितलं, गाय उठवून तिच्याखाली बघितलं. वर बघितलं नाही. पुढे राजा परत आला, एकोणतीस मेला लंडनात शिरला, आणि तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी आम्ही छातीवर ओकचं पान लावतो. दुपारचे बारा वाजेपर्यंत ज्याच्या छातीवर पान नाही, त्याच्या पिंढऱ्यांवर नेटलची जुडी फिरते. नेटल म्हणजे खाजकुयलीची सख्खी बहीण. जुडी फिरवायचा मान पबवालीचा, म्हणजे माझा, डोरा ग्रिमलीचा. वर्षभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि त्या एका सकाळी फेडायचं, असा माझा हिशोब आहे.

पण मुख्य कार्यक्रम झाडाखाली. पार्जिटरांपैकी कुणीतरी काळ्या कुरळ्या केसांचा टोप घालून, मखमली विजार चढवून राजा होतो आणि झाडावर बसतो. शिडी लपवतात. मग टॅपलींचा कर्ता पुरुष लोखंडी टोप डोक्यावर घेऊन येतो, झाडाभोवती काठीने गवत उसकत फिरतो. वरून राजा पावाचे तुकडे टाकतो, बिअर सांडतो. टॅपली म्हणतो, "आज पावसाची लक्षणं दिसतात." मग तो मोठ्याने विचारतो, "इथे कोणी आहे का?" आणि अख्खं गाव ओरडतं, "कोणी नाही, बाबा!" तो फाटकाबाहेर गेला की चर्चची घंटा होते आणि माझा गल्ला सुरू होतो. राजाने बोलायचं नाही. टॅपलीने वर बघायचं नाही. बघितलं तर ओक वाळेल आणि स्ट्युअर्टांचं राज्य बुडेल. आता ते राज्य कधीच बुडालंय. आजोबांनी गादी आणली, बापाने मुंडकं घालवलं, थोरला झाडावर चढला, धाकटा देश सोडून पळाला, आणि धाकट्याची मुलगी ॲन राणी सतरा वेळा पोटुशी राहूनही मागे एक मूल उरलं नाही. सगळं आटोपून तीनशे वर्षं झाली. पण श्रद्धेला बातम्या कळत नाहीत.

पार्जिटरांना या सगळ्याचा फार तोरा. त्यांचं नाक लांब आहे, टोकाला जरा वाकलेलं, आणि ते म्हणतात की हे नाक राजाचं. म्हणजे त्या दुपारी पाव-चीजच्या पुढेही काही घडलं. मला विचाराल, तर ज्याच्या पायाला फोड आलेत आणि मागे घोडेस्वार लागलेत, त्याला नाकं वाटत हिंडायला सवड कुठून? पण हे मी ऑस्बर्ट पार्जिटरसमोर बोलत नाही. तो रोज संध्याकाळी माझ्याकडे तीन ग्लास पितो.

हा ऑस्बर्ट तीस वर्षं आमचा राजा. यंदा एप्रिलमध्ये तो पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. झाडावरून नव्हे. स्वयंपाकघरात दिवा बदलताना स्टुलावरून. त्याची पोरं कॅनडात. पार्जिटर रक्ताचं गावात दुसरं कोण, तर त्याची धाकटी बहीण हेस्टर, सत्तरीला टेकलेली, गावची निवृत्त नर्स. गावातल्या प्रत्येकाला तिने कुठे ना कुठे सुई टोचलेली आहे, त्यामुळे तिच्यापुढे कुणी फार बोलत नाही.

पबमध्ये बैठक बसली. ऑस्बर्ट चाकांच्या खुर्चीत, पाय पुढे ताणलेला.

"पार्जिटर पुरुषच चढतो," तो म्हणाला. "कायम."

"मग चढ," हेस्टर म्हणाली.

"हेस्टर, राजा बाई कसा असेल?"

"घराण्यात शेवटी कोण होतं? ॲन. ती काय दाढी करायची?"

"या वयात पडलीस म्हणजे?"

"मी झाडावरून पडेन. स्टुलावरून पडायची लाज तरी नाही."

ऑस्बर्टने ग्लासात तोंड घातलं. बैठक संपली.

आता एनॉक टॅपलीचं सांगते, कारण खरं दुखणं तिथे आहे. एनॉक सायकली आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो. तरुणपणी तो आणि हेस्टर शनिवारी नाचायला जात. दोघं एकमेकांसाठीच घडवलेली, हे आंधळ्यालाही दिसत होतं. एका रविवारी एनॉक कोट घालून मागणी घालायला गेला. म्हाताऱ्या पार्जिटरने त्याला दारातच उभा केला आणि म्हणाला, "टॅपली? ज्यांना झाडावर बसलेला राजा दिसला नाही, त्यांना संसारातलं काय कप्पाळ दिसणार?" एनॉकने टोपी घातली, मान खाली घातली आणि निघून गेला. हेस्टर जिन्यात उभी होती. त्याने एकदा मान वर केली असती, तर ती पेटी घेऊन त्याच्यामागे गेली असती. पेटी भरलेली होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, नाताळात, शेरीच्या चौथ्या पेल्याला.

त्यानंतर त्याने लग्न केलं नाही, तिने केलं नाही. रस्त्यात भेटले की "बरंय ना?" "बरंय." तो तिचं यंत्र दुरुस्त करून द्यायचा. ती दर ऑक्टोबरात त्याच्या डाव्या दंडावर फ्लूची सुई द्यायची. एवढाच काय तो स्पर्श. आणि तेव्हासुद्धा गडी जमिनीकडे बघत बसायचा.

"अजून माझ्याकडे मान वर करून बघत नाही," हेस्टर म्हणायची. "एवढी कसली लाज? की राग आहे?"

मी म्हणायचे, "टॅपलीच तो. त्यांच्या रक्तातच नाही." मी ते विनोदाने म्हणायचे. आता आठवलं की स्वतःच्याच पिंढऱ्यांवर जुडी फिरवावीशी वाटते.

तर बैठक संपल्यावर हेस्टर काउंटरपाशी रेंगाळली. मी पेले पुसत होते. म्हटलं, आज ना उद्या कळायचंच आहे.

"एनॉकने शेड विकली," मी म्हणाले. "टॉर्कीला चाललाय. पुतणीकडे, कायमचा. यंदाचं झाड उरकलं की शनिवारी."

तिने पेला खाली ठेवला.

"समुद्राकाठी दमट हवा," ती म्हणाली. "त्याच्या छातीला मानवायची नाही."

"मग सांग त्याला."

"मी कोण सांगणारी?" ती बराच वेळ पेल्याखालचा कागदाचा तुकडा फाडत राहिली. मग म्हणाली, "डोरा, राजाला बोलता येत नाही ना, तेच बरं आहे. मला बोलायचंच नाही. मी वर असेन, तो खाली असेल. त्याने एकदा वर बघावं. बस. मग खुशाल जाऊ दे टॉर्कीला."

"नियम आहे, हेस्टर."

"चव्वेचाळीस वर्षं नियमच तर पाळले. काय मिळालं? यंत्राला धार."

त्या दिवसापासून मला झोप नाही. ऑस्बर्टचं दुखणं वेगळं, माझं वेगळं.

एकोणतीस मे उजाडला, तो लख्ख. झाडाखाली दीडदोनशे माणसं. आमच्या नव्या पाद्रीबाई पान लावायला विसरल्या होत्या. "मी देवाची सेविका आहे, डोरा," म्हणाल्या. मी म्हटलं, "पिंढऱ्या तर माणसाच्याच आहेत ना?" त्यांनी सोसलं बिचाऱ्यांनी. दोन मोटारी भरून बाहेरची माणसं आली होती, त्यांचाही मी यथास्थित समाचार घेतला.

हेस्टर आली. भावाची मखमली विजार तिला कमरेत सैल आणि इतरत्र घट्ट. काळा टोप, पिसाची हॅट, आणि खाली ते नाक. खोटं सांगत नाही, क्षणभर मलाही वाटलं की त्या दुपारी काहीतरी घडलं असावं. ती शिडीवरून सरसर चढली, फांदीच्या बेचक्यात बसली आणि मांडीवर पाव-चीजचं गाठोडं ठेवलं. शिडी ऑस्बर्टच्या ताब्यात गेली. त्याने ती खुर्चीला आडवी लावून घेतली, म्हणजे त्याच्या परवानगीशिवाय राजा उतरणार नाही.

मग एनॉक आला. लोखंडी टोप, कातडी जाकीट, हातात काठी. गडी जरा जास्तच वाकलाय असं वाटलं. त्याने गवत उसकलं. खंदक बघितला. लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. वरून पावाचा तुकडा त्याच्या टोपावर पडला, टण्. एनॉक फिरत राहिला. बिअर सांडली. त्याने टोपावरून ओघळ पुसला.

"आज पावसाची लक्षणं दिसतात," तो म्हणाला. लोक पोट धरून हसले.

तेवढ्यात चीजचा अख्खा गोळा आला. एरवी राजा चीज टाकत नाही, खातो. मग एक बूट आला. हसणं जरा विरळ झालं. मग दुसरा बूट. मग हॅट. शेवटी टोप, काळाभोर, कुरळा, धप्पकन एनॉकच्या खांद्यावर येऊन बसला. वर हेस्टरचे पांढरे केस मोकळे उडत होते. आता कुणीच हसत नव्हतं. हेस्टर आणि एनॉकची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त तिच्यावर कुणी बोलत नसे.

एनॉकने तो टोप हळूच काढला, झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवला, जसा कुणाचा तरी पाळीव प्राणी असावा तसा. वर बघितलं नाही. मला इतका संताप आला की हातातली जुडी मी घट्ट आवळली आणि माझीच बोटं भाजली.

"इथे कोणी आहे का?" त्याने विचारलं. आवाज फाटका होता.

गावाने सवयीने तोंड उघडलं. "कोणी..." म्हणून दहाबारा जणांनी सुरुवात केली आणि तिथेच अडकले.

"आहे," वरून आवाज आला.

राजा बोलला. ऑस्बर्टला खुर्चीत झटका बसला. "हेस्टर, राजा बोलत नाही."

"तू गप्प बस, शिडी सांभाळ," राजा म्हणाला. "एनॉक टॅपली, मी इथे आहे. वर बघ."

एनॉक काठीवर दोन्ही हात ठेवून उभा. नजर गवतात.

"हेस्टर, मला वर बघता येत नाही."

"नियम गेला खड्ड्यात. ओक वाळला तर मी पाणी घालीन."

"नियमाचं नाही म्हणत मी. मला येतच नाही." त्याने काठी गवतात रोवली. "मान उचलत नाही. आठदहा वर्षं झाली. आयुष्यभर यंत्रांवर वाकलो, मणके धरले. डॉक्टर म्हणाले, आता एवढीच हलेल." त्याने मान जेवढी वर केली, तेवढ्याने त्याची नजर पुढच्या माणसाच्या गळपट्टीपर्यंत पोचली असती.

मी जागच्या जागी गार. आठदहा वर्षं तो माझ्याकडे बिअर स्ट्रॉने पितो. मी त्याला म्हातारचळ म्हणून चिडवलं होतं. पबातल्या भिंतीवरच्या चकतीवर बाण फेकायचं त्याने सोडलं, मी म्हटलं, हरला की बिअर पाजावी लागते म्हणून चिकट झाला. माणसाची मान आखडली हे कुठल्याही गावाच्या लक्षात आलं असतं. आमच्या नाही आलं. टॅपली खाली मान घालून चालतोय, यात बघण्यासारखं काय? साडेतीनशे वर्षं तेच तर बघत आलोय आम्ही.

"आणि मला बोलला नाहीस?" हेस्टर म्हणाली. "मी नर्स आहे रे, मेल्या. दर वर्षी समोर बसत होतास."

"तुला सांगायचं म्हणजे दया मागायची. ती नको होती."

"मला वाटलं, तुला माझं तोंड बघायचं नाही."

"तोंड..." एनॉक म्हणाला. "तोंड आठवणीतलं बघतो. तुझ्या निळ्या कोटाची बटणं मात्र मला पाठ आहेत. वरून दुसरं मार्चमध्ये बदललंस. जरा मोठं आहे, त्या काजाला बसत नाही."

बाहेरच्या माणसांपैकी एका बाईने नाक ओढलं. तिला गोष्ट ठाऊकही नव्हती.

मग एनॉकने काठी टाकली. लोखंडी टोप काढला, गवतावर पालथा ठेवला. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग हातावर रेलला. मला वाटलं, माणूस कोसळतोय. पाद्रीबाई पुढे धावल्या, त्याने त्यांना हाताने थांबवलं. शिव्या घालत, कण्हत, तो कुशीवर झाला आणि मग उताणा पडला, चीजच्या गोळ्याला खेटून. पाठ वाकडी, त्यामुळे डोकं जमिनीला टेकेना. बुंध्याशी ठेवलेला राजाचा केसांचा टोप त्याने उशीसारखा मानेखाली सारला. आणि टॅपलींपैकी एकाने एकदाचं वर बघितलं.

तो बघत राहिला. पानांतून ऊन येत होतं, म्हणून त्याने डोळ्यांवर हात धरला. हेस्टर फांदीला घट्ट धरून खाली वाकली होती, अनवाणी, विजारीची एक शिवण उसवलेली, केस तोंडावर. तिला सत्तर वर्षांची म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

"सापडलीस," एनॉक म्हणाला.

"उशीर केलास," ती म्हणाली.

पुढे काय करायचं ते साडेतीनशे वर्षांत कुणी ठरवून ठेवलेलं नव्हतं. टॅपली फाटकाबाहेर जाईना, म्हणून घंटा होईना. घंटा होईना, म्हणून कुणी प्यायला हलेना. एनॉकला उठता येत नव्हतं. हेस्टरला उतरता येत नव्हतं. दोघं तिथून तसेच बोलायला लागले, हळू आवाजात, तो जमिनीवरून आभाळात आणि ती आभाळातून जमिनीवर. टॉर्कीच्या हवेचं काहीतरी चाललं होतं, मग त्या पेटीचं, मग शनिवारच्या नाचाचं. पाद्रीबाई ऑस्बर्टकडे शिडी मागायला निघाल्या.

"शिडी राहू दे," मी म्हणाले.

"अहो डोरा, त्या पडतील."

"पडणार नाही. ऑस्बर्ट, शिडी सोडलीस तर याद राख."

ऑस्बर्टने शिडी छातीशी धरली. त्याचे डोळे ओले होते, पण तो म्हणाला, "ओक वाळणार बघा आता." मग थोड्या वेळाने, "बाबा चुकले गं, डोरा." हे तो नाकाखालून बोलला, पण त्या नाकाखाली पुष्कळ जागा आहे, मला नीट ऐकू आलं.

मी जुडी उचलली आणि गर्दीसमोर उभी राहिले.

"सगळ्यांनी पाठी फिरवा," मी म्हणाले. "जो झाडाकडे बघेल, त्याची पिंढरी माझी."

"पण बारा वाजून गेलेत," मागून कुणीतरी म्हणालं. "बारानंतर नेटल चालत नाही."

"घंटा कुठे झालीय? घंटेशिवाय आमच्याकडे बारा वाजत नाहीत."

नियम म्हणजे नियम. पाद्रीबाईंनी पहिली पाठ फिरवली, त्यांना नेटलची चव ठाऊक होती. मग ऑस्बर्टने खुर्ची वळवली, शिडीसकट, शेजारच्या दोघांच्या नडग्या फोडत. मग अख्खं मकलफर्ड फिरलं, मोटारीतली परकी माणसंसुद्धा, आणि दोनशे माणसं रिकाम्या शेताकडे तोंड करून उन्हात उभी राहिली. पाठीमागे हेस्टर एकदा मोठ्याने हसली. मान वळवावीशी कुणाला वाटली नसेल असं नाही, मलाही वाटली. पण घंटा होईपर्यंत आमच्यापैकी एकानेही वर बघितलं नाही.